मागे मागे जाणारी होडी

कोकणात सूर्य समुद्रातून उगवतो, हे ज्ञान मला मराठी मालिकांनी दिलं. नागावात हयात काढलेल्या माणसाला ते आपलं आपण कळणं शक्य नव्हतं. आमचा सूर्य अजून जुन्या वळणाचा आहे. सकाळी डोंगराकडून येतो, नारळीच्या शेंड्यांत जरा रेंगाळतो, दिवसभर अंगणातले पापड वाळवतो आणि संध्याकाळी समुद्रात जातो. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय, त्यामुळे त्याला दुसरी सोयही नाही. पण रात्री साडेआठला शीर्षकगीत लागलं की बासरीची एक लांब तान येते आणि थेट पाण्यातून केशरी गोळा वर सरकतो. पुढच्याच शॉटला तुळशीवृंदावन, ओले केस, हातात पूजेचं तबक. म्हणजे सकाळ झाली.

ही करामत संकलकाची. शूटिंगची शिफ्ट सकाळी सातला सुरू होते. पहिला तास पोह्यांत आणि दुसरा मेकअपमध्ये जातो, तोवर सूर्य चांगला कासराभर वर आलेला असतो. मग संध्याकाळी सगळं युनिट वाळूत उभं राहून सूर्यास्त टिपतं, आणि एडिटिंगला बसल्यावर ती क्लिप उलटी फिरवली की मावळणारा सूर्य निमूटपणे उगवतो. एका बटणाचं काम. शहरातल्या प्रेक्षकाला शंका यायचं कारण नाही. त्याने सूर्योदय पाहिलेला असतो तो व्हॉट्सॲपवर, ‘शुभ सकाळ’च्या मागे.

शंका आली ती आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशीला. दुपारचं पुनःप्रक्षेपण चालू होतं. तिने पाटी ओट्यावर उतरवली, बोंबलांचा भाव सांगितला, आणि आत टीव्हीकडे मान वळवून विचारलं, “यो सूर्य उगवतं का बुरतं?”

“उगवतोय, मावशी.”

“मंग ती होरी मागं मागं कशी जातं?”

सगळ्यांनी नीट पाहिलं. होडी खरंच वल्ही मारत नाळ मागे आणि मागचं टोक पुढे अशी चालली होती. लाटा किनाऱ्यावर येऊन फुटत नव्हत्या. वाळूवर विस्कटलेला फेस गोळा होऊन, त्याची लाट बनून, ती समुद्रात परत जात होती. वर एक पक्षी शेपटीकडून उडत होता. आणि कोपऱ्यात, संकलकाच्या नजरेतून निसटलेला एक इसम टॉवेल गुंडाळून, पाठमोरा, पावलं मागे टाकत कोरडा होत होता. मालिकेत त्या वेळी सुनेच्या बाळाचा बाप कोण हा प्रश्न ऐरणीवर होता, पण आमच्या घरात त्यानंतर कित्येक दिवस फक्त तो इसम पाहिला गेला. शीर्षकगीत संपलं की माणसं उठून जेवायला जायची.

त्याच शीर्षकगीतात पुढे धो धो पाऊस आहे, हिरवीगार भातखाचरं आहेत, आणि त्या पावसात मच्छीमार बोटी डौलात समुद्रात निघाल्या आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला नारळ वाहून मग बोटी बाहेर पडतात. म्हणजे नायिका ज्या मुसळधार पावसात भिजत आपल्या दर्यावर्दी बापाला हात हलवून निरोप देते, त्या पावसात तो दर्यावर्दी खरं तर घरात जाळी विणत बसलेला असायला हवा, नाहीतर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात दंड भरत उभा.

ड्रोन आल्यापासून भूगोलही सैल झाला. पूर्वी उंचावरून दृश्य हवं असेल तर जिमी जिब नावाचं लांब हाताचं यंत्र भाड्याने आणावं लागे, आणि ते गावच्या बोळात वळत नसे. त्यामुळे त्या काळच्या मालिका वाड्याच्या जोत्यापासून छपरापर्यंतच उंच जात. आता दोन माणसं एका बॅगेतून ड्रोन काढतात आणि तो मुरुडच्या समुद्रावर सोडतात. तो जंजिऱ्याला एक प्रदक्षिणा घालतो, काशीदच्या पांढऱ्या वाळूवरून सरपटत येतो, माडांच्या शेंड्यांना घासतो, आणि पुढच्या क्षणी दगडी फरसबंदीच्या, कृष्णेकाठच्या वाड्यात उतरतो. तो वाडा वाईचा. मुरुडहून वाईला एसटीने निघालात तर दिवस जातो, आणि मध्ये एक आख्खा सह्याद्री आहे. वाड्याचा दरवाजा उघडला की आत दिवाणखाना दिसतो तो घोडबंदर रोडवरच्या बंगल्यातला. दीड सेकंदात तीन जिल्हे. एवढी जोडणी रायगडच्या खासदारांना जमलेली नाही.

रंगाचं तर विचारूच नका. आमच्या समुद्राचा खरा रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा. त्यात अलिबागची वाळू काळसर, ओहोटीला मैलभर चिखल, आणि पाणी पार कुलाब्याच्या किल्ल्यापलीकडे. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये बांधायला घेतला तेव्हा भरती-ओहोटीचा नीट विचार केला होता. मालिकेचा प्रॉडक्शन मॅनेजर तो करत नाही. नायिकेच्या पायाशी लाटा हव्यात म्हणून एकदा एक युनिट पंधरा माणसं घेऊन आलं, आणि बघतात तो समुद्र जागेवर नाही. जिथे लाटा हव्या होत्या तिथून पर्यटकांना किल्ल्यात नेणारी घोडागाडी चालली होती. दिग्दर्शकाने एका टांगेवाल्याला विचारलं, समुद्र कधी येईल? टांगेवाला म्हणाला, “साडेचारला. पन आज अष्टमी हाय, लांब येनार नाय.” शेवटी नायिकेला कोरड्यावर उभी करून शूट केलं. मालिकेत तिच्या पायाशी जे निळंशार पाणी येतं ते कुठलं, ते तिलाही ठाऊक नाही.

ही सगळी धडपड मी जवळून पाहिली ती मामींच्या वाडीत. एका मालिकेला शीर्षकगीतासाठी ‘अस्सल कोकणी घर’ हवं होतं. मामींचं घर अस्सल आहे, म्हणजे पुढच्या पडवीत कौलं गळतात. युनिट आलं, जनरेटर आला, थर्माकोलचे पांढरे तक्ते आले, आणि वाडी बघून कलादिग्दर्शकाचा चेहरा उतरला. त्याला दाट वाडी हवी होती. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने आमच्या पट्ट्यातल्या वाड्या अशा झोडपल्या की नारळी-पोफळी आडव्या झाल्या, लोक कित्येक दिवस विजेविना राहिले. नव्याने लावलेली पोफळ फळायला काही वर्षं जातात. मामींच्या वाडीतून आता थेट मागच्यांचं न्हाणीघर दिसतं. कलादिग्दर्शकाने टेम्पोतून पोती काढली. पोत्यांत प्लॅस्टिकची पानं, प्लॅस्टिकच्या सुपाऱ्यांचे घोस, प्लॅस्टिकची जास्वंद. दोन पोरं शिडीवर चढली आणि वादळाने जे काही वर्षांपूर्वी पाडलं ते चहाच्या आत उभं केलं. मामी ओटीवर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “पंचनाम्याला आले तेव्हा हेच बांधून ठेवायला हवं होतं.” मग स्वतःच हिशेब केला, की तसं केलं असतं तर भरपाई मिळाली नसती.

शॉट साधा होता. थोरली सून तुळशीपुढे दिवा लावते, वळते, हसते. कागदावर एक ओळ. पण शीर्षकगीतातलं हसणं साध्या वेगाने चालत नाही. आपल्या टीव्हीचा हिशेब सेकंदाला २५ चौकटींचा. कॅमेरा सेकंदाला १०० चौकटी घेतो आणि त्या २५च्या चालीने दाखवतात, म्हणजे दोन सेकंदांचं हसू पडद्यावर आठ सेकंद पुरतं. आठ सेकंद हसणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात आपण डॉक्टरकडे नेऊ. पण इथे हवं तेच असतं, केसांची बट गालावरून उठून हळूहळू कानामागे जाताना प्रेक्षकाला ‘ही सोशिक आहे’ हे कळावं.

अडचण वाऱ्याची होती. केस उडायला वारा हवा आणि दिवा विझू नये. केसांसाठी उभा पंखा आणला. दिव्याभोवती तीन जण थर्माकोलचे तक्ते धरून ओणवे बसले. पंखा उजवीकडून, खारा वारा डावीकडून, आणि सुनेचे केस मधोमध उभे. चित्र सोशिकपणाचं दिसेना, वीज पडल्याचं दिसू लागलं. मग दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तेल बदललं, वात बदलली, तुळस वितभर सरकवता येईल का अशी विचारणा मामींकडे झाली. वृंदावन आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं. ते काही सरकलं नाही. अखेर स्पॉटदादाने खिशातून सेलवर चालणारा दिवा काढला, ज्याची ज्योत आपली आपण थरथरते. मामींनी तेवढ्यापुरती हरकत घेतली. “तुळशीत सेलचा दिवा? हिला सांज लागेल का?” दिग्दर्शक समजूतदार होता. म्हणाला, “मावशी, पूजेचा नाही, शॉटचा आहे.” मामींना ते पटलं नाही, पण भाडं आगाऊ घेतलं होतं.

तुळशीच्या पानांवर दव हवं होतं. ते ग्लिसरीनचं फवारलं. पाणी वाळतं, ग्लिसरीन दिव्यांच्या उष्णतेतही थेंब धरून राहतं. कॅमेऱ्याने आधी त्या थेंबावर नजर रोखली, मग फोकस ओढत सुनेच्या डोळ्यांवर आणला. फोकस ओढणारा मुलगा जमिनीवर मोजपट्टी लावून तिच्या नाकापर्यंतचं अंतर पुन्हा पुन्हा मोजत होता. शेवटी ती वळली, हसली, आणि दिग्दर्शकाने “कट, सुंदर!” म्हटलं. माझ्या मनात आलं ते वेगळंच. मामींनी लग्न होऊन आल्यापासून रोज याच तुळशीला पाणी घातलंय, पण एकदाही त्या वळून हसलेल्या नाहीत. वळल्या तर मांजर दुधाकडे गेलं का ते बघायला.

मात्र शीर्षकगीतात सगळेच वळून हसतात, हा नियम आहे. सासरे वर्तमानपत्र खाली करून हसतात. धाकटा दीर बाइकवरून हेल्मेट काढून हसतो. आत्या लोणच्याची बरणी पुसताना हसते. खलनायिका सुद्धा हसते, फक्त एका बाजूने. शेवटी झोपाळ्याभोवती अख्खं कुटुंब जमतं, कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे एकदम हसतात आणि चित्र गोठतं. एवढं गुण्यागोविंदाने राहणारं घर बघून आपण आतुरतेने बसतो, आणि पुढची बावीस मिनिटं त्यातले कोणीही एकमेकांशी धड बोलत नाहीत. मालिका वर्षानुवर्षं चालते, घर फुटतं, जमीन जाते, खून पडतात. शीर्षकगीताला त्याचा पत्ता नसतो. ते एकदा खर्च करून केलेलं असतं, पुन्हा कोण करणार? त्यामुळे सासऱ्यांचं तेरावं झालं त्या दिवशीही ते वर्तमानपत्र खाली करून हसतात. आमची आत्या अशा वेळी टीव्हीला हात जोडते. गेलेल्या माणसाचं दर्शन इतकं नियमित तिच्या स्वतःच्या सासरी नाही.

अक्षरांवर तर स्वतंत्र प्रबंध होईल. मालिका कौटुंबिक असेल तर नावातल्या एखाद्या वेलांटीचं मंगळसूत्र होतं आणि अनुस्वाराचं कुंकू. ऐतिहासिक असेल तर काना म्हणजे तलवार, आणि आजूबाजूला ठिणग्या. या ठिणग्या कशातून उडतात ते कधीच दिसत नाही. वेल्डिंग जवळपास चालू असावं. रहस्यमालिका असेल तर अक्षरांना तडे जातात. संकलकांना गोल वस्तूंचंही फार प्रेम. कुंकवाचा टिळा, त्यातून पूर्ण चंद्र, चंद्रातून भाकरी, भाकरीतून बांगडी, बांगडीतून गाडीचं स्टिअरिंग. एका आकारातून दुसऱ्या आकारावर उडी मारायची ही युक्ती सिनेमात जुनीच आहे आणि चांगल्या हातात ती कमाल करते. अमेरिकेत सॉल बासने १९५५ साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या सिनेमाच्या शीर्षकासाठी कागदातून कापल्यासारखा एक वाकडा हात आणि काही पांढऱ्या पट्ट्या एवढ्यावर नशेचं सगळं भय उभं केलं होतं. आमच्याकडे भाकरीतून बांगडी निघते आणि कथेत पुढे दोन्ही येत नाहीत.

पूर्वी हा सगळा थाट नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. समुद्रापलीकडे वरळीचा मनोरा, म्हणून आम्हा अलिबागकरांच्या अँटेना त्या दिशेला. कावळा बसला की मालिकेतल्या चिमणरावांच्या तोंडावर मुंग्या. त्या काळात शीर्षक म्हणजे काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेली नावं, आणि तो कागद रुळावर गुंडाळून कोणीतरी बाजूने हळूहळू फिरवी. फिरवणाऱ्याला शिंक आली की संगीतकाराचं नाव जरा उडी मारी. तरी लोक पहिल्या सुरापासून बसत. १९८६ला ‘मालगुडी डेज’ आली, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आणि एल. वैद्यनाथन यांची ती गुणगुण. त्यात कोणीही वळून हसत नाही आणि तरी अख्खं गाव डोळ्यापुढे येतं. मग १९८८चं ‘महाभारत’, ज्याच्या शंखाने रविवारी सकाळी रस्ते रिकामे होत. २००० साली एका हिंदी मालिकेत सुनेने दार उघडून हात जोडून ‘या’ म्हटलं, आणि तिथून पुढे भारतातल्या प्रत्येक शीर्षकाला दार बसवलं गेलं.

मराठीत मात्र शीर्षक दिसण्यापेक्षा ऐकायचं राहिलं, आणि त्याचं श्रेय मी अशोक पत्कींना देतो. १९९९ला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, ‘आभाळमाया’ आली, मंगेश कुलकर्णींचे शब्द, देवकी पंडितांचा आवाज, पत्कींची चाल. पुढे ‘वादळवाट’. पत्की जाहिरातींच्या जिंगल्स करून तयार झालेले. साबण असो वा बिस्किट, काही सेकंदांत माणसाला थांबवायचं, आणि शेवटी नाव असं ठेवायचं की ते त्याच्या डोक्यातून जाऊ नये, हा त्यांचा रोजचा व्यवसाय. त्यांनी तो हिशेब घेतला आणि आत भावगीत भरलं. मिनिटभरात मुखडा, एक अंतरा, आणि समेवर मालिकेचं नाव. चित्र काढून घेतलं तरी ते गाणं उभं राहतं. आज ज्यांना ‘आभाळमाया’तली एकही घटना आठवत नाही, त्यांनाही भांडी घासताना ती चाल आठवते. कथेपेक्षा शीर्षक जास्त जगलं, ही मालिकावाल्यांना गौरवाची गोष्ट वाटावी की अपमानाची, ते त्यांनी ठरवावं.

आमच्या आळीत या गाण्यांचं अजून एक काम आहे. ती घड्याळं आहेत. कुकरची तिसरी शिट्टी, ‘चला, सुरू झालं’, आणि हातातलं काम टाकून पदराला हात पुसत धावणारी वहिनी, हा क्रम ठरलेला. फक्त अलीकडे त्यात गोंधळ झालाय. वहिनींकडे केबल, समोरच्यांकडे छपरावरची डिश, आणि आमचा भाचा मोबाइलवर ॲप लावतो. तिन्हीकडे एकच मालिका, पण सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी फिरून येतो, त्यामुळे केबलवर गाणं पहिल्या ओळीला असतं तेव्हा डिशवर अजून बासरी, आणि मोबाइलवर जाहिरात. संध्याकाळी आळीतून चालत गेलं तर एकच शीर्षकगीत मागून-पुढून एकमेकांचा पाठलाग करत ऐकू येतं. शेवटच्या प्रसंगी कोणाच्या कानाखाली बसली, ते वहिनींना आधी कळतं आणि त्यांच्या ‘अगं बाई!’वरून उरलेल्या आळीला.

आवाजातलीच दुसरी गंमत पक्ष्यांची. शीर्षकाचं चित्रीकरण मुकं असतं, सगळे आवाज नंतर चिकटवतात. तयार आवाजांच्या संग्रहातून ‘समुद्रकिनारा’ काढला की लाटांबरोबर एका पक्ष्याचं कर्कश हसणं फुकट मिळतं. तो युरोपातला मोठा गल, बंदरावरच्या कचरापेट्यांवर बसणारा. आमच्याकडचे गल म्हणजे कुरव, ते येतात हिवाळ्यात, लडाख-तिबेटच्या बाजूने, आणि गेटवे-मांडवा बोटीच्या मागे लागून पर्यटकांच्या हातचे वेफर्स खातात. उन्हाळ्यात त्यांचा पत्ता नसतो, आणि ते असे हसतही नाहीत. किहीमला १९३०मध्ये सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांपुढे शिडी लावून, तासन् तास बसून एकेका पक्ष्याची नोंद केली. त्याच किनाऱ्याच्या नावाने आज जून महिन्यात हॉलंडचा गल ओरडतो. खरा आवाज द्यायचा तर द्या ना: पाणी खेचणारी मोटर, बोटीच्या इंजिनाचा ठकठकाट, लिलावाची बोली, आणि ‘भंगारवालेऽऽ’ची ती ध्वनिफीत. पण त्यावर बासरी बसत नाही म्हणतात.

आता मोबाइलवर ‘स्किप इंट्रो’ आलंय. नेटफ्लिक्सने २०१७मध्ये ते बटण दिलं आणि बाकीच्यांनी उचललं. वाहिन्यांनीही शीर्षकगीतं कापत कापत काही सेकंदांवर आणली. नाव येतं, ‘धडाम’ होतं, जाहिरात. मला वाटलं होतं की चला, संपली ही कला. पण ती संपली नाही. ती टीव्हीतून निघाली आणि आमच्या गावात राहायला आली.

पहिल्यांदा ती भाऊंच्या वाढदिवसाला दिसली. भाऊ म्हणजे ग्रामपंचायतीत निवडून येऊ इच्छिणारे कोणीही. रील सुरू होतं तेच पायांपासून: पांढरी चप्पल, संथ गतीत वाळू उडते. मग गॉगल. मग मागे चालणारे आठ कार्यकर्ते, त्यातले दोन कॅमेऱ्याकडे बघतात. भाऊ वळतात, हसतात, ठिणग्या उडतात, आणि म्यानातून तलवार उपसल्याचा ‘श्विंग’ आवाज येतो. भाऊंच्या हातात मोबाइल असतो. तीन वेळा तोच चेहरा, तीन कोनांतून, मागे गडगडाट. खलनायिकेने गेली वीस वर्षं वापरलेली ही युक्ती भाऊंनी ‘विकासपुरुष’ या शब्दावर वापरली आहे. मागे समुद्रात मात्र होड्या सुलट चालल्या होत्या, एवढं मी पाहून ठेवलं.

मग ती लग्नात शिरली. भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा तारखेच्या आधी व्हिडिओवाला ठरला. प्री-वेडिंग काशीदला. तिथे त्या दिवशी अशी अनेक जोडपी होती, आणि सगळ्यांना तोच एक खडक हवा होता. रांग लागली. एक जोडपं खडकावर वळून हसायचं, उतरायचं, पुढचं चढायचं. रंगीत धुराचे फटाके फुटत होते, आणि वाऱ्याने एकाचा गुलाबी धूर दुसऱ्याच्या विरहाच्या दृश्यात जात होता. ड्रोन वर गेला तशी एक घार चवताळून आली आणि तिने त्याला चोच मारली, व्हिडिओवाला रिमोट टाकून “अगं ए!” करत वाळूतून धावला. सगळ्यात उत्स्फूर्त शॉट तोच होता, पण तो कोणी घेतला नाही.

हळदीला आमच्याकडे दोन आवाज असतात. बाहेर बेंजो, ज्याच्या तालावर आख्खी आळी पहाटेपर्यंत नाचते. आणि आत, मांडवाखाली, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण. ती देवांना, पितरांना, गोतावळ्याला नावानिशी हाका घालते: अमक्याची आजी, तमक्याचा मामा, कुलदेवी, खाडीवरची, डोंगरावरची. ऐकताना मला वाटलं, हे तर शीर्षकच चाललंय. सगळी पात्रं, मानाच्या क्रमाने, एकही नाव न गाळता, आणि कोणी रुसू नये याची काळजी घेऊन. शिवाय हिच्या यादीत मेलेले राहतात ते मुद्दाम, बजेट नाही म्हणून नव्हे. आवाज जुना, चिरकलेला, श्वास कुठेही तुटणारा. व्हिडिओवाल्याने चार कॅमेऱ्यांनी तिला टिपलं, सुरकुत्यांवर फोकस ओढला, डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब पकडलं, आणि एडिटिंगमध्ये तिचा आवाज काढून तिथे बासरी घातली. त्याला विचारलं, तर म्हणाला, “काका, नॉइज येत होता.”

तयार झालेला व्हिडिओ चार मिनिटांचा आहे आणि उत्तम आहे. जंजिऱ्यावरून ड्रोन येतो, मामींच्या तुळशीवर उतरतो, हळदीचा हात, गोल सूर्य, गोल बांगडी, गोल वडा. मी स्वतः त्यात पान लावताना वळून हसतो. ‘वराचे मामा’ अशी पट्टी सूंऽ करून येते आणि जाते. शेवटी सगळे झोपाळ्याभोवती जमतात आणि एकदम हसतात. त्या वेळी विनोद कोणी केला हे घरात अजून कोणाला आठवत नाही. मागच्या खोलीत तेव्हा मानपानाच्या साडीवरून दोन व्याह्यांचं भांडण चालू होतं, ते अर्थातच यात नाही.

आत्याने तो पाहिला आणि विचारलं, “छान आहे. लग्न कधी दाखवणार?” लग्न म्हणजे मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी, पंगत, रडणं, हरवलेला बूट. ते सगळं शूट झालंय, पण त्याची जोडणी व्हायची आहे. भाच्याचं बाळ आता रांगायला लागलं. व्हिडिओवाला म्हणतो, उरलेले पैसे द्या, म्हणजे एडिटिंगला घेतो. भाचा म्हणतो, आधी हार्ड डिस्क दे. गेल्या आठवड्यात व्हिडिओवाल्याने मधला मार्ग काढला: बारशाचं शीर्षक करून देतो म्हणाला, फुकट, ड्रोनसकट.